दिवाळीचा मदतनिधी: ब्लँकेटं की आणखी काही?

सचिव:

नमस्कार मंडळी,

आपल्या परदेशातल्या मंडळाचा दिवाळीचा मदतनिधी यंदा कोल्हापुरातल्या बेघरांसाठी वापरावा आणि त्यातून ब्लँकेटं वाटावीत, असं तीन-चार जणांनी सुचवलंय. कोल्हापूरकरांनी आपलं मत कळवावं. रविवारी बैठकीत ठरवू.

एक सभासद, सध्या मुक्काम राजारामपुरी, कोल्हापूर:

ताई, नमस्कार.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी जूनपासून इथेच आहे. आठवड्यातून तीन दिवस एका निवारा केंद्रात जाते, अर्ज भरायला मदत करते. त्यावरून स्पष्ट सांगते, ब्लँकेटं नकोत. थंडी पडली की इथली पोरं रात्री सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक), रेल्वे स्टेशन, पंचगंगा घाट अशी फेरी मारून ती वाटतात, आणि मनापासून वाटतात. कमी पडतो तो सकाळी एखाद्याला सोबत घेऊन कचेरीत जाणारा माणूस.

गेल्या महिन्यात एक आजोबा आले. वय सत्तरच्या पुढे, जन्म हॉटेलांत भांडी घासण्यात गेलेला. झोपेत कुणीतरी पिशवी लांबवली, त्यात आधार कार्ड होतं. "पिशवी गेली तवापास्नं मी कोण त्येच सांगता येईना," म्हणाले. गाव विचारलं तर "गाव न्हाई मला."

केंद्रातला कार्यकर्ता त्यांना आधारच्या खिडकीवर घेऊन गेला, मीही होते. बोटं यंत्रावर ठेवली, ठसा उमटेना. पुसून ठेवली, तरी नाही. राखेनं आणि सोड्यानं बोटांवरच्या रेघाच झिजून गेल्या होत्या. खिडकीवरचा म्हणाला, उद्या या. कार्यकर्ता जागचा हलला नाही. बुबुळं घ्या, म्हणाला. आजोबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. चष्म्यासारखं ते यंत्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि श्वास रोखून बसले. नंबर निघाला. कागदावर पत्ता आला तो गगनबावडा तालुक्यातल्या एका गावाचा. आम्ही दोघांनी तो वाचला, बोललो काहीच नाही. बाहेर येऊन चहा घेतला.

आता श्रावणबाळ योजनेचं पेन्शन मिळू शकतं, महिना 1500 रुपये. पासष्टीच्या पुढच्यांना असतं. पण त्याला राज्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा हवा, उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असल्याचा दाखला हवा, बँकेत खातं हवं. आणि पत्ता बावड्याचा, म्हणजे गगनबावड्याचा, म्हणजे फेऱ्या तिकडच्या तहसील कचेरीच्या. आजोबा तिकडं जायलाच तयार नाहीत. का, ते आम्ही विचारलेलं नाही.

शहरात लाखामागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये सांगितलं. नंतर केंद्र सरकारच्या शहरी उपजीविका अभियानानं लाखामागे 100 जणांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा असा नियम घातला. कोल्हापूरची 2011 ची लोकसंख्या 5,49,236, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. त्याच नियमांत आधार, रेशन, पेन्शन, बँक खातं मिळवून देणंही लिहिलंय. ते पडतं निवारा केंद्राच्या काळजीवाहकाच्या गळ्यात, आणि त्या बिचाऱ्याला रात्री दार उघडायचं, जेवण वाढायचं, भांडणं सोडवायची असतात. मनोरुग्ण असला तर आणखी कठीण. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पोलिसांनी त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं असतं. पण मनोरुग्णालय रत्नागिरीला, घाटाखाली. बरा होऊन आला की त्याच्या गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार?

शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते गावाकडच्या पोरांना शिकता यावं म्हणून. निजायला जागा दिली ती शाळा गाठण्यासाठी. निवाऱ्याकडे मी तसंच बघते. माझं म्हणणं, एका कार्यकर्त्याचा वर्षाचा पगार आपण उचलावा.

खजिनदार:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

इथं अमेरिकेत, सॅन होजेत 2020 पासून उभ्या राहिलेल्या तात्पुरत्या घरांपैकी एका वसाहतीत मी शनिवारी जेवण वाढायला जातो. प्रत्येकाला छोटी खोली, आतून कडी. मोठ्या हॉलमध्ये यायला नकार देणारी माणसं इथं येतात, कारण सामान सुरक्षित राहतं, कुत्रा बरोबर ठेवता येतो, नवरा-बायकोची ताटातूट होत नाही. प्रत्येकामागे एक मदतनीस असतो. अडतं ते पुढे, भाडं परवडेल असं घर मिळत नाही. जानेवारी 2024 च्या मोजणीत अमेरिकेत 7,71,480 बेघर निघाले. म्हणून पगाराचं मला पूर्ण पटलं.

पण पैसे पाठवायचे कसे हे आधी बघा. मंडळ परदेशात नोंदलेलं, त्यामुळे आपला निधी परकीय देणगी ठरतो. निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हायला हवेत. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. पगार कशात धरतात ते संस्थेच्या सीएला विचारून घ्या. नोंदणी नसेल तर भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेतून, वैयक्तिक द्यावेत. ती परकीय देणगी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, मात्र ही वाट नाही. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, पहिल्या तीन महिन्यांचं माझ्याकडे लागलं.

सभासद, राजारामपुरी:

दादा, नोंदणी नाही. आजच विचारलं. म्हणजे वैयक्तिकच. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मला वेगळं कळवावं, संस्थेच्या खात्याचा तपशील आणि पावतीचं मी बघते.

आजोबांचा मोतीबिंदू पुढच्या आठवड्यात काढायचा आहे. काल अर्ज भरताना मधेच त्यांनी विचारलं, "बावड्याची गाडी अजून रंकाळा स्टँडवरनंच सुटती काय?" कार्यकर्ता म्हणाला, व्हय. ते पुन्हा गप्प झाले, पण अर्जावर गावाचं नाव त्यांनी स्वतः सांगितलं.