'अवेअर ऑफ दॅट' चूक का? विशेषणानंतर 'दॅट', 'वेदर' की 'टु'?

मेलमग्न

ऑफिसच्या मेलमधली चार वाक्यं देतो. चारही ठिकाणी सॉफ्टवेअर रेघ मारतं, दुरुस्ती सुचवतं, कारण मात्र सांगत नाही.

१. 'आय ॲम नॉट पॉसिबल टु कम टुमॉरो.'
२. 'आय ॲम अवेअर ऑफ दॅट द पेमेंट इज पेंडिंग.'
३. 'आय ॲम नॉट शुअर दॅट ही विल कम ऑर नॉट.'
४. 'द फाइल वॉज व्हेरी बिग दॅट इट डिड नॉट अपलोड.'

चारही वाक्यांत विशेषण आहे आणि त्याला पुढे काहीतरी जोडायचंय. कुठल्या विशेषणानंतर काय येणार याला काही नियम आहे, की शब्दागणिक पाठच करायचं?

कानामात्रा

थोडं पाठ, बराचसा नियम. २ आणि ३ मी घेतो.

खात्री, कल्पना, भीती, आनंद, अभिमान ही मराठीत नामं आहेत आणि ज्याला ते वाटतं त्याला आपण 'ला' लावतो. मला खात्री आहे, मला कल्पना आहे. इंग्रजी तिथे विशेषण वापरते आणि माणसाला सरळ कर्ता करते : 'आय ॲम शुअर', 'आय ॲम अवेअर', 'आय ॲम ग्लॅड'. आता मराठी वाक्य पाहा : 'पेमेंट अडकलंय याची मला कल्पना आहे.' त्या 'याची'तला 'ची' तुमच्या दुसऱ्या वाक्यात 'ऑफ' होऊन बसलाय.

इंग्रजीत 'ऑफ', 'ॲट', 'अबाउट' यांच्यानंतर नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं. 'दॅट'ने सुरू होणारं उपवाक्य आलं की हे शब्द गळतात. म्हणून 'अवेअर ऑफ द डिले', पण 'अवेअर दॅट द पेमेंट इज पेंडिंग'. 'प्राउड ऑफ माय टीम', पण 'प्राउड दॅट माय टीम वन'. 'सरप्राइज्ड ॲट द बिल', पण 'सरप्राइज्ड दॅट द बिल वॉज सो हाय'. 'ऑफ' ठेवायचाच हट्ट असेल तर मध्ये एक नाम घाला : 'अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट...'. चूक नाही, पण दोन ओळींच्या मेलला जड होतं. 'व्हॉट', 'हाउ' यांच्या आधी मात्र 'ऑफ' खुशाल राहतो : 'अवेअर ऑफ व्हॉट हॅपन्ड'.

तिसऱ्यात अडचण 'ऑर नॉट'ची आहे. 'दॅट' एकच बाजू धरतो. 'आय ॲम नॉट शुअर दॅट ही विल कम' एवढंच लिहिलं तर ते बरोबर आहे, फक्त अर्थ 'तो येईलसं मला काही वाटत नाही' याकडे झुकतो. येणार की नाही, हे दोन्ही मोकळं ठेवायचं असेल तर 'वेदर' : 'आय ॲम नॉट शुअर वेदर ही विल कम (ऑर नॉट)'. 'इफ'ही चालतो, पण निदान दोन जागी नाही. 'ऑर नॉट' लगेच चिकटवायचं असेल तिथे, कारण 'वेदर ऑर नॉट' होतं, 'इफ ऑर नॉट' होत नाही. आणि 'अबाउट'सारख्या शब्दानंतर.

जाता जाता : मराठीत 'की'च्या आधी स्वल्पविराम देणारे पुष्कळ आहेत. ती सवय इथे आणू नका. 'ग्लॅड, दॅट' असं कधीच नाही. बोलण्यात तर 'दॅट'ही गळतो : 'आय ॲम ग्लॅड यू केम'.

पोटवाक्य

पहिल्याचं मूळही त्याच 'मला'त आहे. 'मला येणं शक्य नाही' या वाक्यात शक्य काय नाही? येणं. 'मी' शक्य नाही असं आपण मराठीत म्हणत नाही, पण इंग्रजीत 'मला'चा 'आय' करण्याची सवय इथेही लागू करतो आणि फसतो.

'पॉसिबल', 'नेसेसरी', 'इम्पॉर्टंट' ही विशेषणं अशा वाक्यात माणसाला लागत नाहीत, घटनेला लागतात. म्हणून वाक्याच्या सुरुवातीला रिकामा, स्वतःचा अर्थ नसलेला 'इट' ठेवायचा आणि माणूस 'फॉर'ने आणायचा : 'इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टु कम टुमॉरो'. मेलमध्ये मी तरी 'आय वोन्ट बी एबल टु कम' लिहीन, कमी ताठर वाटतं. 'एबल' माणसाला लागतो.

'डिफिकल्ट'ची गंमत वेगळी आहे. 'आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड' हे व्याकरणात बसतं, म्हणून रेघही येत नाही. अर्थ मात्र होतो 'माझं बोलणं लोकांना कळायला कठीण'. सांगायचं होतं 'मला समजायला कठीण जातंय'. ते 'इट इज डिफिकल्ट फॉर मी टु अंडरस्टँड'.

काही विशेषणं दोन्हीकडे चालतात, ती पाठच करा. 'लाइकली' : 'इट इज लाइकली दॅट ही विल कम' आणि 'ही इज लाइकली टु कम', दोन्ही बरोबर. अर्थाने जवळचा 'प्रॉबेबल' मात्र फक्त 'इट'बरोबर. 'सर्टन' दोन्हीकडे. 'शुअर' उलटा, त्याला 'इट इज शुअर दॅट' चालत नाही.

सोसायटीच्या नोटिसा लिहिणाऱ्यांसाठी : 'इट इज नेसेसरी दॅट एव्हरी मेंबर सबमिट द फॉर्म'. 'सबमिट्स' नाही. आवश्यक, महत्त्वाचं अशा अर्थाच्या विशेषणानंतर क्रियापद मूळ रूपात ठेवतात, 'इज'च्या जागी 'बी' येतो. ब्रिटिश वळणात 'शुड सबमिट'ही लिहितात आणि आपल्याकडे तेच जास्त कानावरून गेलेलं असतं.

अर्धविराम

चौथं वाक्य राहिलं. 'इतकी मोठी की' यातल्या 'इतकी'ला 'व्हेरी' नव्हे, 'सो' लागतो. 'व्हेरी' पुढच्या उपवाक्याला धरत नाही. 'द फाइल वॉज सो बिग दॅट इट डिड नॉट अपलोड.' विशेषणानंतर नाम असेल तर 'सच' : 'सच अ बिग फाइल दॅट...'. आणि 'सो'-'दॅट' यांच्यामध्ये विशेषण नसेल तर सहसा हेतू निघतो. 'आय झिप्ड द फाइल सो दॅट इट वुड अपलोड' म्हणजे अपलोड व्हावी म्हणून.

बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये 'टू' काढायला सांगतात, तिथली एक ठरलेली चूक. (दीर्घ 'टू' म्हणजे अति, ऱ्हस्व 'टु' क्रियापदाआधीचा.) 'द बॉक्स वॉज टू हेवी फॉर मी टु लिफ्ट.' उत्तर : 'द बॉक्स वॉज सो हेवी दॅट आय कुड नॉट लिफ्ट इट.' यात तीन गोष्टी बदलल्या. 'फॉर मी'चा 'आय' झाला, नकार उघड झाला आणि तोही 'वॉज'ला जुळणाऱ्या 'कुड'मध्ये, आणि शेवटी 'इट' आला. पहिल्या दोन मुलं करतात, 'इट' राहतो. मूळ वाक्यात तो नव्हता, कारण 'बॉक्स'च त्या 'लिफ्ट'चं कर्म होता. 'दॅट'नंतर नवं, पूर्ण वाक्य सुरू होतं, त्याला स्वतःचं कर्म हवं.

'टू गुड' म्हणजे 'फारच छान' हे आपल्या गप्पांत ठीक. मेलमध्ये 'द डिझाइन इज टू गुड' वाचून बाहेरचा माणूस 'टु व्हॉट?' विचारेल.

मेलमग्न

चारही कळली. शेवटचे दोन प्रश्न. 'ही इज शुअर टु विन' आणि 'ही इज शुअर दॅट ही विल विन' एकच का? आणि 'टायर्ड ॲज ही वॉज' यात विशेषण पुढे कसं?

कानामात्रा

एक नाहीत. पहिल्यात खात्री बोलणाऱ्याची : तो जिंकणार हे नक्की. त्याला स्वतःला धाकधूक असली तरी चालेल. दुसऱ्यात खात्री त्याची : आपण जिंकणार याची त्याला खात्री आहे. 'शुअर ऑफ विनिंग'चा अर्थही या दुसऱ्या वाक्यासारखाच.

पोटवाक्य

'टायर्ड ॲज ही वॉज, ही फिनिश्ड द रिपोर्ट' म्हणजे थकलेला असूनही. विशेषण पुढे ओढलं की 'ॲज' किंवा 'दो' लावा, 'ऑलदो' नाही. अमेरिकेत 'ॲज टायर्ड ॲज ही वॉज'ही लिहितात. साधं हवं तर 'ऑलदो टायर्ड, ही फिनिश्ड द रिपोर्ट'. इथे 'ही वॉज' गाळलाय, पण गाळलेला कर्ता आणि पुढचा कर्ता एकच असला पाहिजे. 'ऑलदो टायर्ड, द रिपोर्ट वॉज फिनिश्ड' लिहिलंत तर थकला रिपोर्ट. 'इफ पॉसिबल', 'व्हेन नेसेसरी' यांना ही अट नाही. तिथे गाळलेला कर्ता तो रिकामा 'इट'च असतो.