मदत हवी आहे : जुन्या वर्तमानपत्रातले आकडे प्राथमिक साधन की दुय्यम?

नमस्कार मंडळी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवर प्रबंध लिहिते आहे. विश्वकोशातल्या नोंदीवरून ग्रंथ सापडले, ग्रंथांच्या तळटीपांवरून त्या काळच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचले. इथवर छान झालं. अडले ती मायक्रोफिल्मवर (जुन्या पानांची फिल्मवर घेतलेली छोटी छायाचित्रं).

एकाच पानावर वर मृतांचे आकडे, खाली कोपऱ्यात काढ्याची जाहिरात. जाहिरात सरळच प्राथमिक साधन, म्हणजे त्या काळातलाच मूळ पुरावा. पण आकडे बातमीदाराने आरोग्य खात्याच्या अहवालातून उचललेले आहेत. मग तेवढ्यापुरती बातमी दुय्यम, म्हणजे दुसऱ्या साधनावरून लिहिलेली, धरायची का? मूळ अहवाल हाती लागला नाही तर संदर्भ कोणाचा द्यायचा?

दुसरं, १९२० च्या सुमाराचं वैद्यकाचं पुस्तक. त्यात साथीचा दोष फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या जिवाणूवर ठेवलाय. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला गेला १९३३ मध्ये, त्यामुळे रोगाच्या माहितीसाठी ते कालबाह्यच. पण तेव्हाचे डॉक्टर काय समजत होते, यासाठी मला ते अस्सल प्राथमिक साधन वाटतं. माझे मार्गदर्शक मात्र त्याला दुय्यम म्हणतात.

एकच पुस्तक प्रश्नानुसार दोन्हीकडे बसू शकतं का? संदर्भसूचीत ते कुठल्या गटात टाकू? असं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.