घरची जुनी टाटा मोबाईल: स्वतः उभी करायची की भंगारात घालायची?

करवीरकर

आमच्या घरी १९९१ ची टाटा मोबाईल ही पिकअप आहे, २०६. गुऱ्हाळावरून गूळ भरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात न्यायचा आणि येताना खताची पोती आणायची, यातच तिची उमेद गेली. पुढं नवी पिकअप आली आणि ही गोठ्याशेजारच्या शेडात लागली ती लागलीच. आता थोरले बंधू म्हणतात, जागा अडलीय, भंगारवाल्याला बोलवू.

माझं मत असं की गाडी घरीच, आपल्या हातानं उभी करावी. लग्नाच्या वरातीत मिरवायला नाही, कामाला. ही गाडी टेल्कोनं, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सनं, १९८८ मध्ये पुण्याहून बाजारात आणली. सिएरा, इस्टेट आणि सुमो या पुढं तिच्याच बांध्यावर आल्या. सुमंत मुळगावकरांनी पुण्याचा कारखाना उभा केला, तिथल्या माणसांनी घडवलेली ही चीज आहे, एवढा अभिमान मला आहेच. पण त्याहून कामाची गोष्ट म्हणजे सुमोचे बरेच पार्ट हिला चालतात, आणि सुमो गावोगाव होत्या. इंजिन १९४८ सीसीचं साधं डिझेल. टर्बो नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाने आणि सबुरी असली की माणसाला त्यातलं कळतं.

पाहणी केलीय. टोकदार हातोडी घेऊन चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत टिचक्या मारत गेलो. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं थप्प वाजतं, कधी हातोडीचं टोकच आत जातं. लांबीच्या दोन्ही दांड्या ठणठणीत आहेत. मागच्या, माल भरायच्या हौद्याचा तळ मात्र गेलाय, तोही मधे नाही, तर खालच्या आडव्या पट्ट्यांना पत्रा जिथं टेकतो तिथं. गूळ हवेतली ओल ओढतो, आणि सांडलेलं खत लोखंडाला त्याहून जास्त खातं. त्या फटीत दोन्ही वर्षानुवर्षं साठलं.

विरोध असेल त्यांनी मोकळेपणानं लिहा. बंधूंना वाचून दाखवणार आहे.

हिशेबी

मी तुमच्या बंधूंच्या बाजूचा. भावना समजतात, पण आधी कागद बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. फिटनेस नसेल तर नोंदणीसुद्धा वैध धरत नाहीत, म्हणजे गाडी कितीही झकास केली तरी गेटाबाहेर काढता येणार नाही. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून भरमसाट वाढलीय. त्यावर पर्यावरण कर आणि विमा. हे सगळं ज्या गाडीला बाजारात गिऱ्हाईक नाही तिच्यावर.

नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो. त्यावर नव्या व्यावसायिक गाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची केंद्राच्या नियमात तरतूद आहे. तुमच्या घरात पिकअपचा वापर आहेच, पुढची घेताना तो कागद उपयोगी पडेल. आणि बंधूंनाही सांगा, नाक्यावरच्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणी रद्द केली नाही तर गाडी कागदावर तुमच्याच नावानं जिवंत राहते. उद्या तिचा नंबर कुठं सापडला की पोलीस तुमच्या दारात येणार.

उद्यमनगरचा फिटर

हिशेबी साहेब, कागदाचं बरोबर बोललात. पण करवीरकर दादांनी चेसिस वाजवून बघितलीय, हे वाचून बरं वाटलं. निम्मे लोक रंगापासून सुरुवात करतात.

'सगळं घरी' याला मात्र माझा विरोध आहे. घरी काय करावं आणि काय अजिबात करू नये, यात रेघ ओढा.

गाडी बरीच वर्षं उभी आहे. अशी गाडी बॅटरी जोडून सेल मारू नका. हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आत उष्णता देणारे) काढा, त्या भोकांतून थोडं तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी इंजिन हातानं फिरवून बघा. फिरलं तर देव पावला. मग हीटर प्लग न बसवताच चार फेरे मारून आतलं तेल बाहेर येऊ द्या. तेल आत राहिलं आणि सेल मारलं तर तेल काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल टाकीत सडून चिकट झालेलं असणार. टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, रबरी नळ्या फेकून द्या. ही सगळी घरची कामं, आनंदानं करा.

डिझेल पंप आणि नोजल मात्र कॅलिब्रेशन बेंचवाल्याकडेच, तो यंत्रावर लावून डिझेलचं माप बसवतो. पंपाचा एक स्क्रू अंदाजानं फिरवला की गाडी काळा धूर ओकते आणि पिस्टन जाळते. हेड उतरवलं तर सपाटी लेथवाल्याकडून तपासून घ्या. आणि टाकीला वेल्डिंग कधीही, कुणीही, कसल्याही भरवशावर करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातकी, कारण आत वाफ असते. भोक पडलं असेल तर टाकी बदला.

ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा हवेच्या पाईपनं धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून भिजवा, फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांनी ही धूळ आयुष्यभर नाकात घेतली, म्हणून कळकळीनं सांगतोय.

सायली

मी विरोधात आहे, आणि माझं कारण पैशाचं नाही.

आमच्याकडे महिंद्राची जीप होती, मागं हौदा काढलेली. वडिलांनी आणि काकांनी ती हौसेनं खोलली. पहिल्या महिन्यात इंजिन बाहेर, बोनेट भिंतीला, सीट माळ्यावर. मग काकांची बदली झाली, वडिलांचे गुडघे गेले. जीप अंगणात तशीच राहिली, विटांवर. तिच्यावर दोडक्याचा वेल चढला. तिच्याखाली साप निघाला तेव्हा आईनं पहिल्यांदा आवाज चढवला. नट-बोल्ट कुठल्या डब्यात होते हे शेवटी कुणालाच माहीत नव्हतं. ती गाडी भंगारवाल्यानं मारली नाही, आम्हीच मारली. न खोलता दिली असती तर कुणीतरी चालवली तरी असती.

करवीरकर, तुम्ही काम करणार तो तुमचा आनंद. पण शेडात गोठ्याचं काम कोण करतं? गाडी खोलून पसारा झाला की वाट काढत चारा कोण नेणार? त्या माणसाला विचारलंत का? घरातल्या बाईला न विचारता अंगणात सुरू केलेलं काम 'घरचं' म्हणू नका.

करवीरकर

सायलीताई, गोठा वहिनी आणि माझी बायको बघतात. आज दोघींना विचारलं. वहिनींचं म्हणणं, गाडी शेडाच्या दुसऱ्या टोकाला ढकलायची, चाऱ्याची वाट सोडायची आणि दिवाळीआधी ती स्वतःच्या चाकांवर हलली पाहिजे. बायकोला ती गाडी हवीय, तिच्या माहेरचा संसार त्याच हौद्यातून आला. अट मान्य आहे.

आणि तुमच्या जीपवरून एक ठरवलं: सगळी एकदम खोलायची नाही. आधी ब्रेक, ते पुरे झाल्यावर डिझेलची लाईन, मग हौदा. एक काम संपल्याशिवाय दुसऱ्या नटाला पाना लावायचा नाही.

हिशेबी, गाडीची किंमत वसूल होणार नाही हे मला मान्य आहे. पण प्रत्येक खर्चाची वसुली बाजारभावानं मोजायची का? माझा मुलगा आयटीआयला जातो. त्याला ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर हे नकाशात दिसतं. इथं हातात येईल.

दर्याकाठचा

रत्नागिरीहून. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यानं पत्रा बाहेरून शाबूत दिसतो आणि आतून चाळण झालेला असतो. तुम्ही घाटावरचे, नशीबवान.

फक्त पुट्टीवाल्यापासून सांभाळा. गंजावर पुट्टी भरून वर रंग मारला की पावसाळ्याच्या आधी गाडी नवरीसारखी दिसते, आणि दसऱ्याला फुगे धरतात. कुजलेला पत्रा कापून चांगल्या लोखंडापर्यंत जा, तिथून नवा तुकडा वेल्ड करा, जोडावर प्रायमर आणि आतल्या बाजूनंही रंग. वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायर सोडवा.

गाडी करा, माझा पाठिंबा आहे. आंब्याच्या पेट्या वाहिलेली आमची मॅटॅडोर दिली याची रुखरुख घरात सगळ्यांना आहे.

श्वास

मी दम्याच्या मुलाची आई आहे. इथं सगळे गाडीच्या पत्र्याबद्दल बोलताय, धुराबद्दल फक्त फिटर दादा, तेही पिस्टन जळतो म्हणून.

१९९१ च्या डिझेल गाडीला आजच्या अर्थानं धुराची बंधनं नव्हती. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ आलं, नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर आले. तुमच्या गाडीत ते नाहीत. पीयूसीचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे धूर निरुपद्रवी झाला असं नाही, जुन्या गाड्यांना मर्यादाच सैल आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं बंदी उगाच नाही घातली. वारसा जपा, पण जो धूर निघतो तो शेजारच्या पोराच्या छातीत जातो, त्याला वारसा कळत नाही.

करवीरकर

ताई, याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणार नाही. एवढंच सांगतो की ही गाडी रोज शहरात जाणार नाही, रान ते घर आणि कधीतरी बाजार. नोजल आणि पंप बेंचवर नीट करून घेणार. रोजच्या फेऱ्या नव्या पिकअपच्याच.

श्वास

थोडा धूर म्हणजे कमी धूर, हे बरोबर. शून्य नाही. माझा विरोध कायम आहे. निदान अंगणात चालू ठेवून तासभर 'गरम' करू नका, आणि शेडात जनावरं आहेत हे विसरू नका.

मिशिगनकर

इथं माझ्या शेजाऱ्यानं आजोबांची शेवरले सी-१० घरच्या गॅरेजमध्ये केली. त्याला दाराचा खालचा पत्रा, हौद्याचा तळ, अगदी खिडकीचं रबर नवं कोरं घरपोच आलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पिकअपचे सुटे भाग आजही नव्यानं बनवून विकणारा धंदाच इथं आहे. आपल्याकडे तो नाही, म्हणून 'तिकडे जमतं तर इथं का नाही' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण आपल्याकडे पत्रा हातानं ठोकून आकार देणारा माणूस अजून आहे, तो इथं शोधून सापडत नाही.

एक सुचवणी: व्हिंटेज म्हणून नोंद करता येईल का? आणि इंजिन नवं बसवलं तर धुराचाही प्रश्न सुटेल.

हिशेबी

दोन्ही नाही. व्हिंटेजचा नियम २०२१ मध्ये आला, त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. ही गाडी २०४१ मध्ये पात्र ठरेल, तीही व्यवसायाला वापरायची नाही या अटीवर. यांना तर कामाला हवीय. इंजिनाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं बदल चालत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. नंतर जाऊन सांगितलं तर फिटनेसला गाडी परत पाठवतील.

दर्याकाठचा

रंग कोणता देणार?

करवीरकर

हाच घरात सगळ्यात मोठा वाद. केबिनच्या कपाळावर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' आणि मागच्या फाळक्यावर वडिलांचं नाव, गावासकट, पेंटरनं हातानं काढलेलं. अक्षरांच्या कडेला पिवळी सावली दिलीय. फाळक्याचा पत्रा खालून गंजलाय. बंधू म्हणतात, घासून नवा रंग दे, नाव परत लिहून घेऊ. मला ते नको. वडील नाहीत, तो पेंटरही नाही.

सायली

नाव घासू नका. मी सगळ्या गाडीच्या विरोधात आहे, तरी हे सांगते.

उद्यमनगरचा फिटर

खालची गंजकी पट्टी कापा, नवी जोडा, अक्षरांच्या चार बोटं खालीच थांबा. वेल्डिंगच्या उष्णतेनं रंग फुगेल, म्हणून एकसलग मारू नका. ठिपका मारा, ओलं फडकं लावा, थांबा, मग पुढचा. वेळ खातं. वरचा रंग नुसता धुवा आणि मेण लावा. नवा रंग फक्त नव्या पट्टीला, मिळतंजुळतं करायच्या नादी लागू नका.

हिशेबी

माझं मत बदललेलं नाही. तरी करणारच असाल तर खर्चाची एक रक्कम आज वहीत लिहा आणि बंधूंची सही घ्या. ब्रेक, टायर, स्टीअरिंगचे सांधे आणि फिटनेस यांचे पैसे आधी बाजूला काढा. त्यातून उरलं तरच हौदा. रक्कम संपली की थांबायचं आणि गाडी स्क्रॅप केंद्रात न्यायची. भावाभावांत गाडीवरून अबोला झालेला मी माझ्या नात्यात पाहिलाय.

करवीरकर

रक्कम काल रात्रीच लिहिली, सही झाली. ते म्हणाले, ब्रेक लागला तर पुढचं बोल.

रविवारी मुलगा आणि मी मागचे ड्रम उघडतोय, पाणी मारूनच. व्हील सिलिंडर गळतायत हे बाहेरूनच दिसतं. सुमोचे कुठल्या सालचे बसतील?

उद्यमनगरचा फिटर

सालावर जाऊ नका दादा. जुनं सिलिंडर उतरवून सोबत घ्या, आतलं बोअर व्हर्नियरनं मोजा आणि दुकानात समोरासमोर ठेवून जुळवा. डाव्या-उजव्या दोन्हीकडचे एकदम बदला. ब्रेकची लोखंडी नळी वाकलेल्या जागी गंजलेली असेल, तीही नवी करून घ्या. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पेडल मुलाला दाबायला लावा, हवा सोडायचं निप्पल तुम्ही धरा.