वयात येणाऱ्या पोराची आत्मचरित्रवजा कादंबरी: तुम्ही कधी वाचली, काय झालं?

पोरगा अकरावीत गेलाय आणि कपाटातली 'कोसला' त्यानं आपणहून काढली. घरात लगेच वाद, ह्या वयात द्यावी का नको. १९६३ ची कादंबरी, लेखक भालचंद्र नेमाडे तेव्हा स्वतःच पंचविशीतले, सांगवीचा पोरगा पांडुरंग पुण्यात शिकायला जातो नि सगळं विस्कटून गावाला परततो, बरंचसं स्वतःच्याच जगण्यातून आलेलं. सातारा-सांगलीकडच्यांनी आपापले अनुभव लिहा. 'कोसला'च पाहिजे असं नाही.

गावभागकर: द्या की बिनधास्त. मी पुण्यात हॉस्टेलला असताना वाचली, पांडुरंग मेसचा सेक्रेटरी होऊन पैशात बुडतो ते वाचताना जाम हसलो, कारण आमच्या मेसमध्ये पण तोच गोंधळ. आता माझी पोरगी पुण्यात आहे, दर महिन्याला पैसे पाठवतो, परवा परत वाचायला घेतली तर च्यायला सारखा त्याच्या वडिलांचाच राग पटायला लागला. माझी कॉपी २०१९ च्या पुरात भिजली, पानं फुगलीत, पण वाचता येते.

कराडचा_पक्या: आमच्याकडं लंपन, प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला पोरगा. संत इथंच कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, ते इतकं लिहितात हे गावात लई जणांना ठाऊकच नव्हतं. कादंबरी नाही, कथा आहेत, आणि लंपन वयानं जरा लहान, पण 'वनवास' ते 'झुंबर' ही पुस्तकं ओळीनं वाचा, पोरगं मोठं होताना दिसतं. लंपन आजी-आजोबांकडं वाढतो, संत स्वतः आजोळी दत्तक गेलेले. मी पण मामाकडं वाढलो, सुट्टीत आईकडं गेलं की पाहुण्यासारखं वाटायचं, हे मी कुणाला बोललो नव्हतो. ह्या माणसानं लिहूनच ठेवलंय.

वडूजवाला: 'कोसला'त धाकटी बहीण मणी देवीनं जाते. आमची मावशी तशीच गेलेली. आईला वाचायचा नाद नाही म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो, तर म्हणाली, बास कर, पुढचं मला म्हाईत हाय.

तासगावची_लेक: सगळी पोरांचीच पुस्तकं सांगताय. 'शाळा' कादंबरी मला आवडते, आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग मिलिंद बोकिलांनी झकास उभा केलाय, पण सगळं मुकुंदा ह्या पोराच्या डोळ्यांनी. त्याला आवडणाऱ्या पोरीच्या, शिरोडकरच्या घरी काय चाललं असेल? आमच्या मागं एक पोरगा यष्टी स्टँडपर्यंत सायकल घेऊन यायचा, बोलला एक शब्द नाही, पण चुलत्यांच्या कानावर गेलं आणि माझा क्लास बंद, गणित कच्चं राहिलं ते राहिलंच. तो पोरगा आता गेट-टुगेदरला हेच हसत हसत सांगतो. आपल्या भागातल्या एखाद्या बाईनं पोरीच्या बाजूनं असं लिहिलं असलं तर नाव टाका इथं, मी विकत घेते.