बियाला काय ठेवलंय? परसबागेतल्या बियाण्याचे अनुभव

वेलावरचा एकच देखणा दोडका बियाला ठेवला होता, लाल दोरा बांधून. रविवारी मावशी आल्या, "अगं, जून होईल की हा!" म्हणाल्या आणि तोडला. मी चहा ठेवून येईपर्यंत शिरांची चटणीसुद्धा वाटून झाली होती. चटणी झकास होती, त्यामुळे भांडताही येईना.

तर कोल्हापूर-आसपासच्या मंडळींनो, तुम्ही घरचं बी कसं धरता? काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा.

माहेर प्रयाग चिखली

आमच्या आईची बियाण्याची गाडगी माळ्यावर असायची. बी चुलीच्या राखेत कालवायचं, तोंडाला फडकं बांधायचं, वर शेणमातीचा लेप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी माळ्यापर्यंत गेलं. परत आल्यावर आईनं फ्रीज, टीव्हीचं काही विचारलं नाही, "माळ्यावर आधी कोण चढतंय?" एवढंच. गाडगी जागेवर होती. आत राखेचा चिखल आणि मोड येऊन कुजलेला पावटा.

तो पावटा आमच्या आजीपासूनचा, शेंगेच्या कडेला जांभळी रेघ असलेला. बाजारात कधी दिसला नाही. दिवाळीत गडहिंग्लजची आत्या आली, तिनं पिशवीतून मापटंभर काढून ठेवला. कधीतरी आमच्याकडूनच मूठभर नेला होता. वर ऐकवलं, "तुमच्याच शेंगा हायत, उपकार मानू नकोस." २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा पावटा तीन घरांत होता, म्हणून आई निवांत होती. म्हणजे, बियांपुरती.

एक सांगते, हा पावटा कधीही लावा, दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही. पहिल्या वर्षी मी उन्हाळ्यात लावला आणि नुसता पालाच वाढतोय म्हणून वैतागून उपटला.

राजारामपुरी, गच्चीवाला

टोमॅटो. पिकलेल्या फळाचा गर बियांसकट वाटीत काढायचा, चमचाभर पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवायचा. वर साय धरते, वास सुटतो. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण त्यात सुटतं, भरलेलं बी तळाला बसतं. मग गाळणीत धुवायचं आणि ताटलीत वाळवायचं. वर्तमानपत्रावर वाळवलं तर बियांबरोबर बातम्याही पेराव्या लागतात.

माझी पहिली वाटी बायकोनं दुसऱ्या दिवशी "काय कुजवलंय हे" म्हणून बेसिनमध्ये ओतली. आता वाटीवर तारीख लिहितो.

बाजारचा टोमॅटो बहुधा हायब्रीड असतो, त्याचं बी धरून बघितलं. एकाच फळातून निघालेली पाच रोपं पाच तऱ्हेची. एकाला सुपारीएवढी फळं.

कसबा बावडा

दुधीचं जपून करा. शेजारच्या कुंपणावर कडू तुंबा चढला होता, आपोआप उगवलेला. त्या वर्षी आमचे दुधी गोडच होते, म्हणून निर्धास्तपणे बी धरलं. फटका पुढच्या वर्षी बसला. भाजी कडू लागत होती, पण टाकवत नाही ना. दोघांनी खाल्ली आणि रात्रभर उलट्या. तुंबा आणि दुधी एकाच जातीचे, त्यांचा संकर होतो हे नंतर कळलं. दुधी-काकडीचा होत नाही.

आता बियाला ठेवायची मादी कळी (मागे इवला दुधी असतो ती) दुपारीच मलमलच्या पिशवीत बांधतो, नर कळीही तशीच. पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलात हलकेच फिरवायचं आणि परत बांधायचं. आणि दुधी चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून थुंकायचा. कडू लागला तर सरळ फेकायचा, हळहळ न करता.

भेंडीपुरतं

वाळलेली शेंग कडांना फाटायला लागली की त्याच दिवशी काढा. मी "उद्या काढू" म्हटलं आणि यंदा भेंडी पार्किंगमध्ये उगवलीय.

कागल

सासूबाईंचा नियम: "पयल्या तोड्याचं खायचं, दुसऱ्याचं बियाला सोडायचं. शेवटाला उरलेलं किडकं-वाकडं बियाला ठिवतंय व्हय कोण?" मी नेमकी तेच करत होते. चांगली जवारी (गावठी) वांगी भरून खायची आणि झाड म्हातारं झाल्यावर कोपऱ्यातलं एक बियाला सोडायचं. वांगं झाडावर पिवळं पडून लोळागोळा होईपर्यंत ठेवावं लागतं, तेवढा धीर नसायचा.

मिरची मात्र सोपी. लाल झाली की सावलीत वाळवायची, बी काढायचं (हातमोजे घाला, आणि नंतर डोळ्याला हात लावू नका, दोन्ही मी शिकले ते उलट्या क्रमानं). आपल्याकडचा पावसाळा बियाण्याचा वैरी. बरणीत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकते, ओल ती ओढून घेते.

परत मी, दोडकावाली

वेलावर दुसरा दोडका धरलाय. यंदा दोऱ्याला चिठ्ठीही बांधलीय, "बियाला आहे". मावशी शनिवारी येतायत. चष्मा घरी विसरून येतात.