हस्तलिखित पाठवून १४ महिने झाले, वाट बघत आशा कशी टिकवायची?

संगमावरची:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस टाकू का नको चाललं होतं, आज टाकतेच. मी सांगलीची, पतसंस्थेत नोकरी, वय ४१. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कादंबरी लिहिलीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खड्डे असायचे, तोंड लहान आणि आत पोट मोठं, त्यात हळद भरून वरून माती लिंपून टाकायची, वर्षानुवर्षं टिकायची. माझे आजोबा त्यातच हमाली करायचे. ६ वर्षं लागली लिहायला, पोरगी झोपल्यावर रात्री ११ ते १ हा माझा टाइम.

गेल्या वर्षी एका प्रकाशकांना पाठवली, "मिळाली, वाचून कळवतो" एवढा मेसेज आला आणि त्यानंतर १४ महिने काहीच नाही. शिवाय जूनमध्ये दोन दिवाळी अंकांना एकेक कथा दिलीये, तिकडूनही शांतता. साभार परत आलं असतं तर रडून मोकळी झाले असते, पण हे मधलं लटकणं सहन होत नाही हो. नवरा काही बोलत नाही पण मोबाइल वाजला की मी ज्या स्पीडने उठते ते बघून हसतो. नवीन काही लिहायला बसलं की वाटतं आधीचंच कुणी वाचलेलं नाही तर हे कशाला. तुम्ही लोक कसे टिकता?

जुना_डीटीपीवाला:
ताई, मी २० वर्षं पुण्यात दिवाळी अंकांची पानं लावली, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. गणपतीपर्यंत अंक साधारण भरलेला असतो. पण मग जाहिराती येतात, कधी कधी शेवटच्या आठवड्यात येतात, आणि छपाई १६ पानांच्या फर्म्यात चालते, एक पान वाढलं म्हणून अख्खा फर्मा वाढवणं परवडत नाही. मग संपादक विचारतात काय काढू. नावाजलेल्या लेखकाचं काढता येत नाही, मग नवीन माणसाची ८ पानी कथा जाते. मी स्वतःच्या हाताने अशा कथा पानावरून उचलून ठेवल्यात, त्यातल्या दोन-तीन तर अंकातल्या छापलेल्यांपेक्षा चांगल्या होत्या. लेखकाला कुणी कळवत नाही कारण त्या आठवड्यात ऑफिसात कुणाला जेवायलाही वेळ नसतो. चूक आहे, पण असं आहे. म्हणजे गप्प बसणं हा नकार असतोच असं नाही आणि होकार तर नाहीच नाही. दिवाळी झाली की सरळ फोन करा, कथा वापरणार नसाल तर दुसरीकडे देते म्हणून. त्याआधी मात्र एकच कथा दोघांना देऊ नका, त्याने नाव खराब होतं.

कादंबरीचं वेगळं. १४ महिने फार झाले. मेल करा, महिन्याची मुदत द्या, पुढे दुसरा प्रकाशक. आणि साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिलं पुस्तक असणाऱ्यांसाठीच, जाहिरातीवर लक्ष ठेवा.

निंबोणी:
किती सुंदर विषय आहे ताई! अहो तुमचं उत्तर तुमच्याच कादंबरीत आहे की. हळद पेवात अंधारात पडून राहते पण सडत नाही, तशी तुमची कादंबरी समजा, योग्य वेळ आली की तोंड उघडेल 🙂

खडूस_कोल्हापुरी:
निंबोणीताई उपमा एक नंबर, फक्त २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचा चिखल झाला. त्यामुळे योग्य वेळेची वाट बघत पुरून ठेवू नका, बाहेर काढा एवढंच म्हणेन.

आता माझं. मी हौशी नाटकवाला, राज्य नाट्य स्पर्धेत आमची संस्था ११ वर्षं उतरतीये, अंतिम फेरीला एकदाही नाही. दर वर्षी निकालाच्या दिवशी सगळे एका टपरीवर जमतो, शिव्या घालतो, परीक्षकांना नाटक कळत नाही असा ठराव एकमताने पास करतो आणि पुढच्या आठवड्यात नवीन संहिता वाचायला बसतो. आशा वगैरे काही नसते हो. तालमीला जायची सवय असते, आणि न गेलो तर बाकीचे घरी येऊन ओढून नेतात. तुमचा प्रॉब्लेम असा की तुम्ही एकट्याच आहात. रात्री ११ ते १ लिहिता आणि वाचणारा कोण, तर तो प्रकाशक, ज्याने १४ महिने उघडलंय की नाही देव जाणे. सांगलीत तुम्ही, नाट्यपंढरीत, आणि चार ऐकणारी माणसं मिळेनात? एक प्रकरण कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. लोक कुठे चुळबुळ करतात ते बघा, फुकटातलं संपादन आहे ते.

दुपारचा_चहा:
+१ खडूस. मला आठवलं, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप नावाने कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू नये म्हणून ती बायकोकडून लिहून घेतलेली. पहिलं बक्षीस मिळालं.

खडूस_कोल्हापुरी:
अहो ते नारळीकर, त्यांना कसली वाट बघायचीये 😄

दुपारचा_चहा:
तेच तर म्हणतेय. एवढं नाव असून त्यांना हवं होतं की नाव न बघता कुणीतरी फक्त कथा वाचावी. ताईंना आत्ता हेच तर मिळत नाहीये. छापून येणं नंतरचं, कुणीतरी वाचलं हे कळायला पाहिजे. मी स्वतः ४ वर्षं फक्त स्पर्धांना पाठवते, का तर निकालाची तारीख असते, हरलो तर हरलो, त्या दिवसानंतर मोबाइलकडे बघायचं नाही. वाट बघण्यापेक्षा ती कधी संपणार हे माहीत नसणं जास्त छळतं.

संगमावरची:
सगळ्यांचे आभार, खडूसदादा तुमचं वाचून आधी राग आला मग दोनदा वाचलं. पुराचं तर माझ्या शेवटच्या प्रकरणातच आहे, आणि तरी मीच विसरले.

अपडेट देते. शनिवारी धीर करून प्रकाशकांना फोन लावला. ते चांगलं बोलले, म्हणाले "कुठली हो कादंबरी? मेल सापडत नाहीये, परत पाठवता का?" म्हणजे १४ महिने मी ज्या उत्तराची वाट बघत होते ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आधी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मग परत पाठवली, ३० दिवसांची मुदत लिहून. कॅलेंडरवर गोल केलाय.

आणि रविवारी आईकडे हरिपूरला गेले होते तेव्हा पहिलं प्रकरण आईला आणि शेजारच्या म्हाताऱ्या मामांना वाचून दाखवलं. मामा स्वतः पेवात उतरलेले. मी लिहिलं होतं की तोंड उघडलं आणि आजोबा लगेच आत उतरले. मामांनी मध्येच थांबवलं, म्हणाले, "तुझा आजा तिथंच मेला असता की. आधी आतली हवा जाऊ द्यायला लागते." आता ते पान परत लिहितेय.

खडूस_कोल्हापुरी:
मामांना दुसरं प्रकरण कधी?

संगमावरची:
पुढच्या रविवारी. त्यांनीच विचारलं.