घरघंटी जळाली, दुकानदार म्हणतो "तुम्ही ग्राहकच नाही"

सिडकोची दळणवाली

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहते, त्रिमूर्ती चौकापासून चालत पाच मिनिटांवर. गेल्या दसऱ्याला मेनरोडकडच्या एका दुकानातून घरघंटी घेतली, २ एचपीची, २४,५०० रुपयांना. आमच्या यांची अंबडची नोकरी सुटली होती, तेव्हा घरबसल्या चार घरची दळणं घ्यावीत असं ठरवलं. गहू-बाजरी रोजचीच, उन्हाळ्यात उडीद आणि नागली. दिवसाला पंधरा-वीस किलो. मदतीला कोणी नाही, डबे उचलण्यापासून पीठ चाळण्यापर्यंत सगळं मीच करते.

वैशाखात, ऐन वाळवणाच्या दिवसांत, एका बाईंचे पापडाचे उडीद निम्मे दळून झाले आणि मोटरमधून धूर निघायला लागला. वास इतका की शेजारच्या काकू "कुकर करपला का गं?" म्हणत दारात आल्या. दुकानात रोज फोन केले, नवव्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाला, "वाइंडिंग गेलंय, नवी मोटर ६,८०० ची." मोटरला दोन वर्षांची वॉरंटी आहे आणि माझे आठ महिनेही झाले नव्हते.

दुकानात गेले तर मालक म्हणाले, "वहिनी, तुम्ही दळणाचे पैसे घेता, म्हणजे तो धंदा झाला. वॉरंटी फक्त घरगुती वापराची. आणि ग्राहक मंचात जाऊन काही होणार नाही, धंदेवाल्याला तिथे ग्राहक धरतच नाहीत." गंमत म्हणजे विकताना हेच म्हणाले होते, "चार घरची दळणं घ्या, वर्षात पैसे वसूल."

बिल कच्चं आहे, साध्या वहीच्या पानावर. पक्कं हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाले, आणि मी मूर्खासारखी हो म्हटलं. १०,००० फोनवरून पाठवले होते, १४,५०० रोख दिले. वॉरंटी कार्डावर मशीनचा नंबर आणि दुकानाचा शिक्का आहे. कंपनी राजकोटची. मी खरंच ग्राहक नाही का?

गोदाकाठचा

ताई, व्हिडिओ काढा, दुकानाच्या बोर्डासकट इन्स्टावर टाका. दोन दिवसांत मोटर घरी येईल. कोर्टकचेरीत चपला झिजतात नुसत्या.

प्रेसवाला काका

गोदाकाठच्या बाळा, व्हिडिओ टाकला की दुकानदार उलट अब्रुनुकसानीची नोटीस पाठवेल. मग ताई एक दावा लढतील की दोन?

ताई, मी नाशिकरोडचा, प्रेसमधून निवृत्त. वकील नाही, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीपायी एका दुकानदाराशी पावणेदोन वर्षं भांडलो आणि जिंकलो. त्या अनुभवावर सांगतो.

तुमचा दुकानदार अर्धंच खरं बोलतोय. 'व्यापारी हेतूने' वस्तू घेणारा ग्राहक नाही, हे ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. पण लगेच खाली स्पष्टीकरणही आहे : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरायचा नाही. स्वतः रिक्षा चालवणारा रिक्षावाला, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवणारी बाई, दळणं घेणाऱ्या तुम्ही, सगळे यात बसता. तक्रारअर्जात हे स्वच्छ लिहा : यजमानांची नोकरी गेली, मशीन मी स्वतः चालवते, घर यावर चालतं. हे लिहायचं राहिलं की समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आता मंच. त्याचं नाव २०१९ च्या कायद्याने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झालं, जुलै २०२० पासून तो कायदा लागू आहे, पण आपण सगळे अजून मंचच म्हणतो, तर म्हणू या. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. कंपनी राजकोटची असली तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच दावा लावता येतो. दुकानदार आणि कंपनी दोघांना सामनेवाले करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. माझ्या केसमध्ये पहिले चार महिने याच टोलवाटोलवीत गेले.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, पण हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही. कंपनी कधी ऐकते, कधी नाही. माझी ऐकली नाही. तरी तो तक्रार क्रमांक कागदावर राहतो, पुढे उपयोगी पडतो. आणि फोनवर बोलणं आता बंद करा. दुकानदाराला जे सांगायचं ते लिहून, स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपा. मी सहा महिने नुसतं फोनवर ओरडलो, आयोगात दाखवायला त्यातलं काहीही नव्हतं.

आणखी एक : मोटर बाहेर रिवाइंड करून घेऊ नका! खूप मोह होईल, वाळवणाचे दिवस आहेत, गिऱ्हाईक तुटतंय, कळतं मला. पण दुसऱ्याने मोटर उघडली की "याच्यामुळेच बिघडली" म्हणायला ते मोकळे.

कोर्टाची पायरी

मी ग्राहक आयोगात वकिली करते. काकांनी चांगलं सांगितलंय, थोडी भर घालते.

दावा लावण्याआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायद्यात नाही, पण पाठवा. बरेच दुकानदार नोटीस बघून तडजोडीला येतात. वकील लावणंही सक्तीचं नाही, स्वतः उभं राहता येतं. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, दुकानदाराने शेवटचं "बघतो, करतो" म्हटल्यापासून नाही. यात फार लोक फसतात.

'स्वतः चालवणं' म्हणजे एकटीनेच सगळं करणं असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात म्हटलंय की एक-दोन माणसांची मदत घेतल्याने ग्राहकपण जात नाही. उद्या एखादी मुलगी मदतीला घेतलीत तरी घाबरू नका. पाच मशीन आणि पगारी माणसं ठेवलीत तर गोष्ट वेगळी.

पण एक फरक नीट समजून घ्या. तुम्ही ग्राहक आहात का, हा एक प्रश्न. वॉरंटी लागू होते का, हा दुसरा. पहिल्यात दुकानदार पडेल, दुसऱ्यात तो जोर लावेल, कारण कार्डावर 'घरगुती वापर' छापलेलं असणार. त्याला दोन उत्तरं आहेत. एक, मोटर मुळातच सदोष होती. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. वॉरंटीतल्या मशीनची तपासणी आयोगामार्फत करून घेण्याचा अर्ज करा, त्याचा खर्च बहुधा तुम्हालाच आधी भरावा लागेल. दोन, विकताना काय सांगून विकलं. दळणाच्या कमाईचं आमिष दाखवून विकायचं आणि नंतर दळण घेतलं म्हणून वॉरंटी नाकारायची, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असा मुद्दा घेता येतो. फक्त तोंडी बोललेल्याला पुरावा हवा. पत्रक, जाहिरात, मेसेज, काही आहे का?

कच्च्या बिलाचं मनाला लावून घेऊ नका. बिल न देणं हीसुद्धा नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. फोनवरच्या १०,००० ची नोंद बँकेच्या उताऱ्यात आहे, कार्डावर शिक्का आणि नंबर आहे. मशीन आपण विकलंच नाही असं तो म्हणू शकत नाही.

पिंपळगावकर

यात निकाल किती दिवसांत? आमच्या द्राक्षाच्या फवारणी पंपाचंही असंच झालंय. शेतकरी ग्राहक असतो का?

कोर्टाची पायरी

असतो. बियाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते पक्कं केलंय. दिवसांचं म्हणाल तर कायद्यात तपासणी लागत नसेल तर तीन महिने आणि लागत असेल तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, कामं तुंबलेली असतात. पण समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. ४५ च्या पुढे एक दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून टाकलंय. सामनेवाला झोपला तर झोपला.

प्रेसवाला काका

माझ्या बॅटरीला अकरा तारखा पडल्या. एकदा तर समोरचे वकीलच आले नाहीत, मी आणि आमची ही मिसळ खाऊन परत आलो. शेवटी बॅटरीचे १३,२०० व्याजासह, त्रासापोटी ५,००० आणि खर्चाचे ३,००० असा हुकूम झाला. ४५ दिवसांत द्यायचे होते, दिले नाहीत. मग अंमलबजावणीचा अर्ज टाकला. हुकूम न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ते कळल्यावर चेक चौथ्या दिवशी आला, कुरिअरने, वर नमस्काराचं कार्ड चिकटवून.

सिडकोची दळणवाली

सगळ्यांचे आभार, डोक्यावरचं ओझं थोडं उतरलं. काल १९१५ वर फोन केला, क्रमांक मिळाला. मोटर कोणाला उघडू दिलेली नाही. मेकॅनिकने झाकण काढलं होतं तेवढंच, त्याची तारीखही वहीत लिहून ठेवली.

आणि पायरीताई, पत्रक सापडलं! बेसनाच्या डब्याखाली फळीवर अंथरलं होतं. वर मोठ्या अक्षरात 'घरबसल्या दळणातून कमाई करा', खाली मशीनचा फोटो आणि दुकानाचा पत्ता. एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे आणि किंमत माझ्याच अक्षरात पेनाने लिहिलेली आहे. असं डाग पडलेलं चालेल का?

कोर्टाची पायरी

पळेल. डाग पुसू नका, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा आणि मूळ पत्रक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. कच्चं बिल आणि वॉरंटी कार्डही त्यातच.